बोरस्कोप: पस्तीस डॉलरचा कॅमेरा आणि तिसऱ्या सिलिंडरमधलं गुलाबी पाणी

आधी निकाल सांगते, मग बाकीचं. हा दोन भिंगांचा बोरस्कोप, म्हणजे लांब केबलच्या टोकाचा, इंजिनाच्या आत सोडून बघायचा कॅमेरा, चांगला आहे का? ठीक आहे. घ्यावा का? तुमच्याकडे जुनी प्लग-इन हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि चार्जरला लावायची बॅटरी, दोन्ही असलेली गाडी) असेल, थंडीत सकाळी इंजिन सुरू होताना गाडी अंगात आल्यासारखी हादरत असेल आणि गॅरेजवाले एकामागून एक पार्ट बदलायला सांगत असतील, तर आजच मागवा. बाकीच्यांनी घाई करू नये. पाचपैकी साडेतीन तारे. दीड तारा कशाला कापला ते पुढे येईलच.

यंत्राचं नाव लिहीत नाही, कारण त्याला धड नावच नाही. एकच वस्तू दहा छापांखाली विकली जाते. फोटो तेच, डबा तोच, फक्त स्टिकर वेगळा. ओळखायची खूण एवढीच: साडेचार इंची पडदा, त्याला मूठ, ८ मिलिमीटर जाडीचं टोक, समोर एक कॅमेरा आणि बाजूला एक, टोकाभोवती बारीक एलईडी, आणि वाकवाल तशी वाकून राहणारी पाच मीटर केबल. सोबत एक हूक, एक लोहचुंबक, एक चिमुकला आरसा. किंमत ३५ डॉलर, वर मिशिगनचा सहा टक्के सेल्स टॅक्स.

मी मेकॅनिक नाही. डेट्रॉइटजवळ कॅन्टनला राहते आणि एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. रक्त, लघवी, थुंकी येते, आम्ही रिपोर्ट देतो. या भागात आपली निम्मी मंडळी गाड्यांच्या कंपन्यांत नाहीतर त्यांच्या सप्लायरकडे कामाला आहेत, त्यामुळे कुठल्याही हळदीकुंकवाला गेलं तरी इंजिनावर फुकट सल्ला देणारे चार जण भेटतात. आमच्या गाडीला त्या चौघांनी चार आजार सांगितले होते.

गाडी २०१३ सालची, सेकंड हँड घेतलेली, चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन आणि चार्जरला लावायची बॅटरी. बॅटरीवर दहा-अकरा मैल जाते, आणि माझं हॉस्पिटल त्याच्या आतच आहे. म्हणजे उन्हाळ्यात आठवडा आठवडा इंजिन चालूच होत नाही. हिवाळ्यात मात्र या मॉडेलमध्ये हीटर लावला की गरम पाण्यासाठी इंजिनाला उठावंच लागतं. पहाटे बाहेर १५ फॅरनहाइट, म्हणजे उणे ९ सेल्सियसच्या आसपास. मी बटण दाबते, गाडी गप्प. काचेवरचं धुकं घालवायला हीटर लावते. दोन सेकंदांनी इंजिन उठतं आणि ठकठक-ठकठक-ठकठक. सीट हादरते, स्टिअरिंग हादरतं, कप होल्डरमधला स्टीलचा पेला वाजायला लागतो. वीसेक सेकंदं हा प्रकार, आणि मग सगळं एकदम शांत. हॉस्पिटलला पोचेपर्यंत काहीही नाही.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण नवीन हायब्रिडवाले उगाच घाबरतात. थंड इंजिन थोडं खरखरणारच. सुरुवातीला मिनिटभर कंप्युटर मुद्दाम ठिणगी उशिरा टाकतो, म्हणजे एक्झॉस्ट जास्त तापतो आणि धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर कामाला लागतो. त्यामुळे आवाज जाडा येतो, ॲक्सिलरेटर न दाबताही इंजिन मिनिटाला हजार-बाराशे फेऱ्यांच्या वर फिरत राहतं. हे रोज, सारखं आणि एका लयीत होत असेल तर गाडी ठणठणीत आहे. आमची थरथर लयीत नव्हती. चारातला एक ठोका चुकत होता, आणि तो हाताला कळत होता.

साध्या गाडीत एखादं सिलिंडर पेटलं नाही तर इंजिन लंगडतं, मिसिंग मारतं, कधी बंद पडतं. आमच्यासारख्या हायब्रिडमध्ये ते सहसा बंद पडत नाही. इथे वेगळी स्टार्टर मोटर नसते. बॅटरीवरची मोठी मोटर-जनरेटर इंजिनाला गिअरमधून फिरवते, वेगात आणते आणि मग पेट्रोल सोडलं जातं. एक सिलिंडर पेटलं नाही तरी मोटर त्याला ओढत नेते. मधे स्प्रिंगांचा डॅम्पर असतो, तो या हिसक्यांनी आदळतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की गिअरबॉक्स सुटून पडतोय. आमच्या चार सल्लागारांपैकी दोघांनी डॅम्पर आणि इंजिनाची फाउंडेशनं बदलायला सांगितली ती याच आवाजावरून. आवाज तिथूनच येतो, हे खरंच. पण मार खाणारा तो आहे, मारणारा दुसराच.

आता सर्व्हिस सेंटरची गोष्ट. नाव घेत नाही. गाडी रात्री त्यांच्याकडे ठेवली, थंड सुरुवात तपासा असं कागदावर लिहून दिलं. दुसऱ्या दिवशी फोन आला, दोष आढळला नाही, तपासणीचे दीडशे डॉलर. गाडी घ्यायला गेले तर बॅटरी शंभर टक्के भरलेली. त्यांनी सौजन्यानं रात्रभर चार्जिंगला लावली होती, सकाळी तापवलेल्या वर्कशॉपमधून बाहेर काढली, हीटर न लावता चक्कर मारून आणली. गाडी चालली, इंजिन उठलंच नाही. जेवून आलेल्या माणसाची उपाशीपोटीची साखर तपासण्यासारखं झालं हे. आमच्या लॅबमध्ये असा नमुना आला तर आम्ही परत पाठवतो. त्यांनी बिल पाठवलं.

मग मी घरीच वहीत टिपायला लागले. तारीख, तापमान, आदल्या दिवशी गाडी कुठे गेली, सकाळी हादरली की नाही. तापमानाशी काही जुळेना. उणे पंधराला गाडी गुमान सुरू व्हायची आणि शून्याच्या वर असताना धडधडायची. पण वारांशी जुळलं. सोमवारी हमखास. रविवारी आमची नाटकाची तालीम ट्रॉयला असते, जाऊन-येऊन सत्तर मैल, बहुतेक हायवे, सगळं इंजिनावर. सोमवार ते शुक्रवार घर-हॉस्पिटल, इंजिन जेमतेम कोमट होतं. म्हणजे सकाळची थंडी नव्हे, आदल्या रात्री इंजिन किती तापून बंद झालं ते महत्त्वाचं होतं.

साताऱ्याला पोवई नाक्याजवळ माझ्या मामेभावाचं गॅरेज आहे. त्याच्याकडे हायब्रिड येत नाहीत, पण इंजिन ते इंजिनच. वहीतलं वाचून दाखवलं तर वाक्य पूर्ण होऊ न देता म्हणाला, "अगं, गाडी पानी खातीया का ते बघितलंस का?"

"दादा, धूर तर पांढरा येतो. पण इथे थंडीत सगळ्यांच्याच गाडीतून येतो."

"धुराचं सोड. टाकीतलं पानी किती उतरलं ते सांग."

दादाच्या बोलण्यातला तर्क साधा आहे. गरम इंजिन बंद केलं की कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, तापलेलं, दाबाखाली असतं. हेड गॅस्केटला (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं झाकण, म्हणजे हेड, यांच्यामधल्या पत्र्याच्या सीलला) कुठे केसाएवढी फट पडली असेल तर निवता निवता थेंब थेंब सिलिंडरमध्ये उतरतो आणि रात्रभर पिस्टनच्या डोक्यावर बसून राहतो. सकाळी ते सिलिंडर पेटत नाही. वीस सेकंदांत पाणी वाफ होऊन निघून जातं, आणि गाडी पुन्हा शहाणी. ज्या दिवशी इंजिन तापलंच नाही, त्या रात्री दाब नाही, गळती नाही, सकाळी हादरा नाही. साध्या गाडीत हे रोज घडेल, म्हणून लवकर सापडेल. प्लग-इनमध्ये मधे मधे घडतं, म्हणून कुणाच्या हाती लागत नाही.

कूलंट बघताना एक सावधगिरी. अशा गाडीत बॉनेटखाली दोन टाक्या असू शकतात, एक इंजिनाची आणि एक इन्व्हर्टरची (बॅटरीची वीज मोटरला पुरवणाऱ्या यंत्राची), आणि दोन्हींत तेच गुलाबी कूलंट. इन्व्हर्टरची टाकी समोर, ठळक, काठोकाठ भरलेली. लोक ती बघून बॉनेट लावतात. इंजिनाची टाकी आमच्या गाडीत एका कोपऱ्यात, मळकट प्लॅस्टिकची. टॉर्च मागून धरला तेव्हा कुठे पातळी दिसली: खालच्या रेषेच्याही खाली.

कॅमेऱ्याआधी आणखी तीन गोष्टी वापरल्या. त्यांचाही हिशोब देते, पण थोडक्यात.

पहिला, ब्लूटूथचा ओबीडी रीडर, म्हणजे गाडीच्या कंप्युटरमधले दोषांचे कोड वाचणारा. पंचवीसेक डॉलरचा, फोनवर ॲप. पाचपैकी पाच. डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा कधीच लागला नव्हता, तरी आत पी ०३०३ हा कोड 'पेंडिंग' म्हणून बसलेला होता. म्हणजे तिसऱ्या सिलिंडरचा मिसफायर, ते नीट पेटत नाही. दिवा का नाही लागला? साधारणपणे लागोपाठच्या दोन फेऱ्यांत तोच दोष दिसला तर दिवा लागतो, आणि आमची गाडी सोमवारी हादरून मंगळवारी गप्प. सर्व्हिस सेंटरनं पेंडिंग कोड वाचला असता तरी काम झालं असतं. कोड मिळाल्यावर तिसऱ्याची इग्निशन कॉइल (ठिणगीसाठी वीज देणारी) पहिल्यावर आणि पहिल्याची तिसऱ्यावर लावली. पुढच्या सोमवारी कोड पुन्हा ०३०३. कॉइल बिघडलेली असती तर कोड तिच्याबरोबर ०३०१ वर गेला असता. या अदलाबदलीला एक पैसा लागत नाही आणि नव्या चार कॉइलचे पैसे वाचतात.

दुसरं, निळ्या पाण्याचा टेस्टर. रेडिएटरच्या तोंडावर काचेची नळी बसवायची, तिच्यात निळा द्रव, वरून रबरी फुगा दाबायचा. कूलंटमध्ये इंजिनाचा जळका वायू मिसळत असेल तर निळ्याचं पिवळं होतं. तो निळा द्रव म्हणजे आमच्या ओळखीचं ब्रोमोथायमॉल ब्लू. कार्बन डायऑक्साइडनं आम्लता वाढली की पिवळं पडणारच. रसायन चोख, पण आमच्या बाबतीत उत्तर दिशाभूल करणारं. द्रव निळाच राहिला. गळती इतकी बारीक होती की गार होताना कूलंट सिलिंडरमध्ये उतरत होतं, पण चालू इंजिनात वायू उलटा कूलंटमध्ये जाण्याएवढी फट नव्हती. पिवळं झालं तर गॅस्केट गेलं हे जवळजवळ नक्की. निळं राहिलं तर काहीच सिद्ध होत नाही. हे डब्यावर ठळक लिहायला हवं, ते लिहिलेलं नाही. पाचपैकी दोन.

तसंच ऑइलच्या झाकणाखालच्या पिवळट सायीचं. ती दिसली की लोक गॅस्केटचं नाव घेतात. पण प्लग-इनमध्ये इंजिन पुरतं तापतच नाही, त्यामुळे हिवाळ्यात दमटपणा आत राहतो आणि ठणठणीत गाडीतही साय धरते. डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ असेल तर एकट्या सायीवरून निदान करू नका.

तिसरं, कूलिंग सिस्टिमचा प्रेशर टेस्टर, म्हणजे हातपंप, घड्याळ आणि टोपीच्या जागी बसणारे अडॅप्टर. हा विकत घेऊ नका. अमेरिकेत ऑटोझोन, ओ'रायली अशा साखळी दुकानांत औजारं उसनी मिळतात: डिपॉझिट भरा, घेऊन जा, परत केलं की सगळे पैसे परत. आमच्या जवळच्या अशाच एका दुकानातून आणला. पेटी उघडून तिथेच तपासा, कारण मला दिलेल्या पेटीत नेमका आमच्या टोपीचा अडॅप्टर नव्हता. काउंटरमागच्या मुलानं दुसऱ्या पेटीतला काढून दिला. साध्या लोखंडी पेटीतलं हे औजार बाकी सगळ्यांवर भारी. पाचपैकी पाच.

आता कॅमेरा.

रविवारी रात्री, गाडी पूर्ण गार झाल्यावर, टेस्टर लावून टोपीवर लिहिलेल्या दाबाइतकी हवा भरली. आमच्या टोपीला १६ पीएसआय (हे दाबाचं माप). त्यावर एक काडीही चढवू नका, नाहीतर धडधाकट होजही फाटेल. घड्याळाचा काटा १६ वर ठेवून झोपायला गेले. सकाळी काटा अकराच्या खाली. गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवला होता, तो कोरडा. होज कोरडे. पाणी बाहेर आलेलं नाही आणि टाकीतही नाही, म्हणजे आतच कुठेतरी गेलं.

स्पार्क प्लगपर्यंत पोचायला या गाडीत वायपरचे हात आणि त्याखालचं प्लॅस्टिकचं पूर्ण ताट काढावं लागतं. मध्यम चिडचिड. हायब्रिड असल्यानं इथे थांबून सांगते: चार्जरची तार काढा, गाडी बंद करा, किल्ली घरात दूर ठेवा आणि बारा व्होल्टच्या बॅटरीचं निगेटिव्ह सोडवा. ही गाडी गप्प असते म्हणजे बंद असते असं नव्हे. ती 'रेडी'मध्ये असेल तर मनात आलं की इंजिन स्वतःहून फिरवते, आणि तेव्हा तुमचे हात आत असतील. केशरी तारांना हात लावायचं काही कारणच येत नाही, लावू नका.

चारही प्लग क्रमानं पुठ्ठ्यावर मांडले. पहिला, दुसरा, चौथा: टोकाला फिक्या विटकरी रंगाचा थर. तिसऱ्याचं पांढरं चिनी मातीचं टोक धुऊन पुसल्यासारखं लख्ख. तेव्हाच पोटात गोळा आला.

कॅमेरा आधी पहिल्या सिलिंडरमध्ये सोडला. प्लगची विहीर खोल आहे, पण ८ मिलिमीटरचं टोक आरामात उतरतं. पडद्यावर पिस्टनचं डोकं: काळं, मंद, खरबरीत, जुन्या इंजिनाचं असतं तसं. दुसऱ्यात तेच. चौथ्यात तेच, कडेला थोडं ऑइल. मग तिसऱ्यात. आधी नुसताच पांढरा झगमगाट. एलईडीचा उजेड पूर्ण कमी केला, केबल दोन बोटं वर ओढली, आणि चित्र जमलं. पिस्टनच्या डोक्यावर काजळी जवळजवळ नाही, कडेला तर चकचकीत उघडं ॲल्युमिनियम, वाफेनं घासून निघालेलं. आणि मधल्या खोलगट भागात पाणी. टोक हलवलं की उजेडाचा ठिपका त्यावर सरकत होता, म्हणून ते पाणीच आहे हे कळलं. रंग मात्र पडद्यावर ओळखता येईना.

रंग कॅमेऱ्यावर सोडून देणं माझ्या पेशाला शोभलं नसतं. सिरिंजला लांब बारीक नळी लावली, कॅमेऱ्याच्या शेजारून आत सोडली आणि ओढलं. दोन मिलिलिटरही नसेल. उजेडात धरलं: गुलाबी. इंजिनाच्या टाकीतल्या कूलंटच्या थेंबाशेजारी पांढऱ्या टाइलवर ठेवून बघितलं, तोच रंग.

त्या स्थितीत इंजिन फिरवायचं नाही, ही गोष्ट महत्त्वाची. पाणी दाबलं जात नाही. थोडं असेल तर मिसफायर होऊन निभावतं. जास्त असेल तर पिस्टन वर येताना अडतो, आणि मोटर-जनरेटर बिचारी पूर्ण ताकदीनं ढकलत राहते. कनेक्टिंग रॉड वाकतो. मग गॅस्केटचं काम संपून इंजिनाचं काम सुरू होतं. आम्ही गाडी टो करून नेली.

कुठे नेली तर फक्त हायब्रिडचंच काम करणाऱ्या एका छोट्या गॅरेजात. मालकाला फोनवरचे फोटो आणि सिरिंज दाखवली. त्यानं फोटो बघितले, सिरिंजकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि तपासणीचे पैसे लावले नाहीत. हेड उतरवल्यावर गॅस्केट तिसऱ्या सिलिंडरच्या कडेला फुटलेलं निघालं. ईजीआरचा कूलर काजळीनं बुजलेला होता. जळका वायू परत आत घेऊन ज्वलन थंड ठेवणं हे त्याचं काम, आणि तो बुजला की सिलिंडर जास्त तापून गॅस्केटवर ताण येतो असं बरेच हायब्रिड मेकॅनिक मानतात. या मालकाचंही तेच मत. हेड मशीन शॉपमध्ये सपाट करून आणलं, नवं गॅस्केट, कूलर आणि इनटेक मॅनिफोल्ड साफ. सगळे मिळून २८०० डॉलर. कमी नाहीत. पण आधीच्या चार सल्ल्यांप्रमाणे कॉइल, प्लग, फाउंडेशनं आणि डॅम्पर करत बसले असते तर तेवढेच पैसे जाऊन गाडी सोमवारी तशीच हादरली असती.

आता कापलेला दीड तारा.

अर्धा तारा समोरच्या भिंगाचा. फोकस ठरलेला आहे, अंदाजे तीन सेंटिमीटरपासून पुढे. त्याच्या आत गेलं की सगळं दुधाळ. नवखा माणूस केबल आत ढकलतच राहतो, पिस्टनला टोक टेकवतो आणि पडदा खराब आहे म्हणून यंत्र परत करतो. टेकलं की थोडं वर ओढायचं, बस. ओल्या पृष्ठभागावर एलईडीची चमक इतकी येते की पाणी असूनही दिसत नाही, म्हणून उजेड सगळ्यात कमी ठेवून सुरुवात करा. हे माहितीपत्रकात नाही. माहितीपत्रकात आहे ते इंग्रजीही नव्हे.

अर्धा तारा बाजूच्या कॅमेऱ्याचा. सिलिंडरची भिंत आणि व्हॉल्व्ह दिसावेत म्हणून तो आहे. दिसतात, पण केबल जरा पिळली की चित्र फिरतं आणि आपण कुठल्या बाजूला बघतोय ते कळत नाही. मी केबलवर प्लग विहिरीच्या तोंडाशी पांढऱ्या पेनानं रेघ मारली, ती रेडिएटरकडे ठेवली, तेव्हा दिशा लागली. व्हॉल्व्हच्या बैठका नीट बघायच्या असतील तर टोक वळवता येणारा बोरस्कोप लागतो, तो दीडशे डॉलरच्या पुढे जातो. माझ्या कामाला त्याची गरज नव्हती, मला पिस्टनच्या डोक्यावर पाणी आहे की नाही एवढंच बघायचं होतं.

उरलेला अर्धा बारीकसारीक कटकटींचा. बंद गॅरेजातल्या थंडीत बॅटरी पाहता पाहता उतरली आणि पडदा सुस्तावला. घरात आणून चार्ज करावं लागलं. पाच मीटर केबल कशाला? मोटारीला एक मीटर पुरते, बाकी चार मीटर पायात येते. फोटोवरची तारीख प्रत्येक वेळी मागच्या कुठल्यातरी वर्षाची पडते. आणि जलरोधक फक्त टोक आणि केबल आहे, मूठ नव्हे, हे डब्यावर बारीक अक्षरात.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगते: हूक, चुंबक आणि आरसा डब्यातच राहू द्या. ते टोकावर नुसते सरकवून बसतात. सिलिंडरमध्ये गेल्यावर त्यातलं एखादं निसटलं तर ते काढायला हेडच उतरवावं लागेल. सोफ्याखाली पडलेली कर्णफुलं काढायला मात्र चुंबक नाही, हूक छान चालतो.

शेजाऱ्यांची शेव्हरले व्होल्ट आहे, तीही प्लग-इन, इथल्याच डेट्रॉइट-हॅमट्रॅमॅकच्या कारखान्यात बनलेली. इंजिन बरेच आठवडे वापरलं नाही तर ती गाडी स्वतःच ते थोडा वेळ चालवून घेते. त्यांना तो आवाज आला की आता ते माझ्याकडे कॅमेरा मागायला येतात. त्यांना सांगितलं की ही खोड कंपनीनंच लावलेली आहे, लयीत चालतंय ना, मग काही नको. तरी एकदा बघून गेले.

भारतात प्लग-इन हायब्रिड अजून मोजक्या, त्याही बहुतेक महागड्या. पण चार्जरला न लावता चालणाऱ्या हायब्रिड आता पुण्या-मुंबईत भरपूर आहेत, आणि प्लगच्या भोकातून पिस्टन बघणं कुठल्याही पेट्रोल गाडीत चालतं. दादानं फोटो बघून असाच एक मागितलाय. त्याच्याकडे डिझेल जास्त येतात, आणि डिझेलला स्पार्क प्लग नसतो. ग्लो प्लगच्या भोकातून ८ मिलिमीटरचं टोक जात नाही, त्याला चार मिलिमीटरच्या आतलं हवं. तो वेगळा येतो, एकाच भिंगाचा, चित्र थोडं धूसर. डिझेलवाल्यांनी मागवताना टोकाची जाडी आधी वाचा, पडद्याची साइज नंतर.